लांब पल्ल्याच्या ट्रेलचं स्वप्न नागपुरातून पाहताय? या चुका टाळा

नागपुरात राहून लांब ट्रेलची, म्हणजे आठवडे-महिने पायी चालायच्या वाटांची, स्वप्नं पाहणारे आता पुष्कळ भेटतात. कुणाला अमेरिकेतला सुमारे ३,५०० किलोमीटरचा ॲपलेशियन ट्रेल खुणावतो, कुणाला मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणारा ४,२६५ किलोमीटरचा पॅसिफिक क्रेस्ट, कुणाला नेपाळ. स्वप्न मोठं असण्यात काहीच वावगं नाही. पण ॲपलेशियन ट्रेल सलग पूर्ण करायचा म्हणून निघालेल्यांपैकी साधारण चौघांतला एकच शेवटपर्यंत पोहोचतो, आणि उरलेले तिघे काही कमकुवत नसतात. माझं ठाम मत आहे की बहुतेकांची तयारी फक्त पहिल्या दिवसापुरती झालेली असते. पहिला दिवस उत्साहावर निघून जातो. खरा कस लागतो तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी, आखडलेल्या पोटऱ्यांनिशी तीच सॅक पुन्हा पाठीवर चढवताना.

फक्त रविवारी चालणं

आठवडाभर खुर्चीत बसायचं आणि रविवारी अंबाझरी-फुटाळा करत वीस किलोमीटर चालून यायचं, हा सर्रास दिसणारा सराव. त्याने दम वाढतो, सलग चालायची सवय मात्र लागत नाही. त्यापेक्षा शनिवारी पंधरा आणि रविवारी बारा किलोमीटर चाला, दोन्ही दिवस पाठीवर वजन घेऊन. यातला रविवार महत्त्वाचा. दोन्ही मांड्या सारख्या दुखत असतील तर काळजी नको, पण एकाच गुडघ्यात किंवा टाचेत कळ येत असेल, चाल लंगडी होत असेल, तर त्या आठवड्यात वजन उतरवा. दर चौथ्या आठवड्याला अंतर निम्म्यावर आणा. शरीर विश्रांतीतच सावरतं.

सपाट शहरात सपाटच सराव

आपल्याकडच्या लोकांचा घात होतो तो इथे. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर आणि शहर बहुतेक सपाट. चढ आला की दम लागेल याची सगळ्यांना धास्ती असते, उताराचा विचार कुणी करत नाही. चढताना छाती भरून येते, थांबलं की ती शांत होते. उतरताना मात्र मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा आणि सॅकचा भार पेलत असतो. त्याचं दुखणं त्याच दिवशी कळत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं आणि जिना उतरणंही जड जातं.

यावर उपाय शहरात आणि आसपासच आहे. सेमिनरी हिल्सचा चढ, रामटेकच्या गडाच्या पायऱ्या, नाहीतर आपल्याच इमारतीचा जिना. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरा. सुरुवातीचे काही आठवडे वर पोहोचल्यावर ते पाणी झाडांना घाला आणि रिकाम्या सॅकने उतरा, म्हणजे चढायचा सराव होईल आणि गुडघे वाचतील. मग हळूहळू एक-एक लिटर खाली घेऊन या. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे हिशोब सोपा राहतो. उतरताना पावलं लहान ठेवा, गुडघा ताठ करून टेकवू नका, आणि ट्रेकिंग पोल वापरायला लाजू नका.

एवढं जमलं की पचमढीला जा. चौरागडच्या पायऱ्या आहेत, धूपगड आहे, आणि नागपंचमीच्या सुमारास मोजकेच दिवस उघडणारी नागद्वारची यात्रा आहे. विदर्भातली साधी माणसं पिढ्यान् पिढ्या ती वाट तुडवत आली आहेत. पावसात, चिखलात, गर्दीत सांभाळून पाऊल टाकणं त्यांच्याकडून शिकावं.

नवे बूट, मापाचे बूट

रोजच्या मापाचा बूट लांब चालीला लहान पडतो, कारण दिवसभरात पाय सुजतात. बूट संध्याकाळी, ट्रेकचेच मोजे घालून घ्या. उतारावर अंगठा पुढे आपटत असेल तर नख काळं पडणार हे नक्की. तेव्हा घोट्याजवळची लेस घट्ट करून टाच मागे बसवा, तरीही आपटत असेल तर बूट बदला. सुती मोजे घाम धरून ठेवतात, त्याने फोड येतात. मोज्यात एखादी जागा गरम लागायला लागली की पुढच्या वळणापर्यंत रेटू नका. तिथेच बसा, पाय कोरडा करा, टेप लावा. फोड आल्यावर जी दोन दिवसांची खोटी होते ती या पाच मिनिटांत वाचते.

मे महिन्यात जोर लावणं

हिमालयाचा बेत मे-जूनचा असेल तर कष्टाचे आठवडे नोव्हेंबर ते मार्चमध्येच उरका. एप्रिलपासून उजाडायच्या आत निघा आणि ऊन चढायच्या आत घरी या. संध्याकाळी सूर्य कलला तरी डांबरी रस्ता तापलेलाच असतो. नुसतं पाणी ढोसत राहू नका, ओआरएसचं पाकीट सांगितलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवून प्या. बरोबरचा माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा अंग भाजल्यासारखं तापलं, तर सराव तिथेच थांबवा, त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता आणि दवाखाना गाठा.

जंगल जवळ आहे म्हणून आत शिरणं

पेंच, ताडोबा हाकेच्या अंतरावर असले तरी ते वाघांचं घर आहे. परवानगीशिवाय आत पायी जाणं गुन्हा तर आहेच, जिवावरही बेततं. रानात चालायची ओढ असेल तर सातपुडा व्याघ्र प्रकल्पात वन विभागाच्या वाटाड्याबरोबर पायी फिरता येतं.

थेट उंचीवर, थेट परदेशात

तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नका, आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम वाढवा. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर रात्र असली तरी खाली उतरायचं.

परदेशाआधी आपल्याकडे पंधरा दिवस सलग चालून पाहा. नर्मदा परिक्रमेचा एखादा टप्पा त्यासाठी फार चांगला. पायाइतकीच मनाचीही ओळख होते.

सामानाचं म्हणाल, तर गॅसचा कॅनिस्टर विमानात चालत नाही, तो तिकडे पोहोचूनच घ्या. सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र) भारतात परवानगीशिवाय जवळ बाळगणं बेकायदा आहे, त्यावरून विमानतळावर अटकही झालेली आहे. पॅसिफिक क्रेस्टवर ८०० किलोमीटरहून जास्त सलग चालायचं तर वेगळा परवाना लागतो. आणि ॲपलेशियन पूर्ण व्हायला पाच ते सात महिने लागतात, तर अमेरिकेत पर्यटक व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिनेच राहू देतात. म्हणून आधी मुक्कामाची मुदत पाहा, तिच्या दिवसांना रोजच्या झेपणाऱ्या किलोमीटरने गुणा, आणि अख्खा ट्रेल त्यात बसत नसेल तर तेवढाच टप्पा निवडा.