मशीन क्विल्टिंगमध्ये टाके एकसारखे पडावेत म्हणून

सरळ रेषांच्या क्विल्टिंगमध्ये, म्हणजे गोधडीचे थर एकत्र शिवताना, मशीनचे दाते कापड पुढे सरकवतात, त्यामुळे टाक्याची लांबी मशीनवर एकदा २.५ ते ३ मिमी ठरवली आणि वरचे कापड, भरण व अस्तर हे तिन्ही थर बरोबरीने सरकवणारा वॉकिंग फूट (फूट म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारा मशीनचा भाग) लावला की निम्मी चिंता मिटते. कापड हातांनी हवे तसे फिरवण्याच्या फ्री मोशन पद्धतीत मात्र दाते खाली उतरवून, कापड मोकळेपणी फिरू देणारा डार्निंग फूट लावलेला असतो, आणि तेथे टाक्याची लांबी हातांचा वेग व सुईचा वेग यांच्या मेळावरच ठरते. सुई वेगात आणि हात सावकाश असतील तर टाके बारीक पडतात; उलट झाले तर लांब.

वळण आले की नवशिक्यांचा पाय पेडलवरून आपोआप सैल होतो, पण हात पूर्वीच्याच गतीने फिरत राहतात, म्हणून नेमके वळणावरचेच टाके लांबट दिसतात. यासाठी पेडलचा वेग मध्यम व स्थिर ठेवावा आणि बदल करायचाच झाला तर तो हातांच्या गतीत करावा. नजर सुईवर न खिळवता रेषा पुढे जिकडे जाणार आहे तिकडे ठेवावी. हातांची जागा बदलताना सुई कापडात रुतवूनच थांबावे, नाहीतर तेथे हमखास एक वेडावाकडा टाका उमटतो.

गोधडीचे वजन टेबलाच्या कडेवरून लोंबत असेल, तर कितीही सराव असला तरी कापड ओढले जाऊन टाके बिघडतात. ही बाब फारच कमी जण मनावर घेतात. सगळा भार टेबलावर घ्यावा, थर सुमारे १० सेंमी अंतरावर सेफ्टी पिनांनी जोडावेत आणि मध्यापासून कडांकडे शिवत जावे.

दोऱ्याचा ताण तपासण्यासाठी त्याच कापडाचा व भरणाचा लहान तुकडा घ्यावा, वर व खाली वेगळ्या रंगांचे दोरे लावावेत आणि वळणे शिवून पाहावीत. खालच्या दोऱ्याचे ठिपके वर दिसले तर वरचा ताण कमी करावा. मागे वरच्या दोऱ्याचे फास दिसले, तर ताणाच्या चकतीला हात लावण्याआधी फूट वर उचलून दोरा नव्याने ओवावा, कारण फूट खाली असताना ओवलेला दोरा चकत्यांमध्ये नीट बसत नाही. एवढे करूनही टाके चुकत राहिले, तर सुई बदलावी.