एर्बिल, बसरा, बगदाद: इराकला राहायला जाण्याआधी या चुका टाळा

"दादा, तिकडं आता शांत आहे ना?" इराकची ऑफर हातात पडलेला प्रत्येक जण फोनवर आधी हेच विचारतो. खेड, महाड, चिपळूण, मधूनच सांगली. एका कंत्राटदार कंपनीच्या कॅम्प ऑफिसात मी बरीच वर्षं लोकांचे इकामे (राहण्याचे परवाने), तिकिटं आणि सुट्ट्यांच्या फायली सांभाळल्या, म्हणून हे फोन माझ्याकडे येतात. मी उलट विचारतो, "बिघडलं तर कुठल्या रस्त्यानं निघणार? कुठल्या कागदावर? आणि तिकिटाचे पैसे कोण देणार?" पलीकडे शांतता. मग हळूच, "एजंट म्हणाला, काही टेन्शन नाही."

एजंटला टेन्शन नसणारच. तो मुंबईत बसलाय.

यूट्यूबवरचा एर्बिल बघून 'इराक' ठरवणं

एर्बिलचा किल्ला, मॉल, रात्री उशिरापर्यंत चालणारी चहाची दुकानं हे सगळं खरं आहे. एर्बिल ही इराकच्या उत्तरेकडच्या स्वायत्त कुर्दिस्तानची राजधानी; तिथला कारभार बराचसा वेगळा, सुरक्षा दलं वेगळी, बगदादचा माणूसही तिथे निवांत फिरायला येतो. पण मोसूल तिथून शंभर किलोमीटरही नाही. जून २०१४ मध्ये मोसूल इसिसच्या हातात गेलं तेव्हा एर्बिलमधले लोक "ते तिकडे चाललंय" म्हणत होते. ऑगस्टमध्ये इसिस मखमूर आणि ग्वेरपर्यंत आली, म्हणजे गाडीनं तासाभराच्या आत. अमेरिकेनं ८ ऑगस्टला हवाई हल्ले सुरू केले नसते तर पुढं काय झालं असतं, यावर तिथले जुने लोक अजून वाद घालतात.

म्हणून देशाचं नाव सांगून मला काही विचारू नका. शहर सांगा, वस्ती सांगा, साइट सांगा. साइटपासून कॅम्प किती लांब, मधे किती चेकपोस्ट, त्यातल्या किती पेशमर्गांच्या, म्हणजे कुर्द फौजेच्या, आणि किती बगदाद सरकारच्या, हे सांगा. मी नकाशा उघडून कंपासनं साइटभोवती शंभर किलोमीटरचं वर्तुळ काढतो आणि त्या वर्तुळातल्या गावांच्या गेल्या दहा वर्षांतल्या बातम्या वाचतो. कंटाळवाणं काम आहे, एक अख्खी संध्याकाळ जाते. तीन वर्षांसाठी घर सोडून जाणाऱ्याला एक संध्याकाळ काढता येत नसेल, तर त्यानं जाऊच नये असं माझं मत आहे.

विमानतळालाच बाहेरचा रस्ता समजणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, आणि शिकली-सवरलेली माणसंही ती करतात. "काही झालं तर पहिल्या फ्लाइटनं परत." अहो, काही झालं की आधी विमानतळच बंद होतो.

खार्टूमचं बघा. १५ एप्रिल २०२३ ला सुदानची फौज आणि आरएसएफ ही निमलष्करी फौज यांच्यात जुंपली, आणि पहिल्याच दिवशी लढाई विमानतळावर होती. आपली माणसं भारत सरकारच्या 'ऑपरेशन कावेरी'त परत आली ती साडेआठशे किलोमीटर बसनं पोर्ट सुदानला जाऊन, तिथून बोटीनं किंवा विमानानं जेद्दाहला. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ ला, युद्धाच्या पहिल्याच सकाळी बंद झालं. जून २०२५ मध्ये इस्राएल आणि इराण भिडले. इराक त्या भांडणात पक्षकार नव्हता, तरी १३ जूनला त्यालाही आकाश बंद करावं लागलं, कारण क्षेपणास्त्रं त्याच्याच डोक्यावरून चालली होती.

आणि विमानतळ बंद पडायला गोळीबारच व्हावा लागतो असंही नाही. आमच्या कॅम्पवर ते घडलं.

२५ सप्टेंबर २०१७ ला कुर्दिस्ताननं स्वातंत्र्यासाठी सार्वमत घेतलं. बगदाद भडकलं. विमानतळ आमच्या ताब्यात द्या, नाहीतर २९ तारखेला संध्याकाळी सहापासून एर्बिल आणि सुलेमानियाची आंतरराष्ट्रीय उड्डाणं बंद, असा निरोप आला. गावात एक फटाकासुद्धा वाजला नव्हता. उलट लोक झेंडे घेऊन नाचत होते.

कॅम्पवर खेडजवळचा एक एसी मेकॅनिक होता. बहिणीच्या लग्नाचं तिकीट पुढच्या आठवड्याचं. मेसमध्ये त्याच्या समोर बसणाऱ्या तमिळ वेल्डरनं बातमी ऐकली त्याच दिवशी तिकीट बदलून घेतलं, बदलाचे पैसे भरले आणि निघून गेला. आमच्या मेकॅनिकनं हिशोब केला: तारीख बदलायची फी, वर आठवड्याचा पगार कापला जाणार, आणि कंपनीचा पीआरओ, म्हणजे सरकारी कागदांची कामं बघणारा माणूस, तर म्हणतोय की दोन दिवसांत मिटेल. थांबला.

मिटलं नाही. त्याचा इकामा कुर्दिस्तान सरकारचा. देशांतर्गत विमानानं बगदादला जाऊन पुढे जावं, तर तिथं केंद्र सरकारचा व्हिसा मागत होते, तो याच्याकडे नाही. जमिनीनं इब्राहिम खलील नाक्यावरून तुर्कस्तानात जावं, तर भारतीयाला तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो तो अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा व्हिसा पासपोर्टवर असेल तरच. याच्या पासपोर्टवर काय होतं? खेडच्या पोराच्या पासपोर्टवर असतं तेच: आखाताचे शिक्के. कंपनीनं बगदादचे कागद केले, पण ते होईपर्यंत लग्न उरकलं होतं. त्यानं ते कॅम्पच्या वायफायवर व्हिडिओ कॉलमधून पाहिलं, तेही तुटक तुटक. विमानतळाची बंदी उठली ती मार्च २०१८ मध्ये.

म्हणून माझी सवय सांगतो. कुठंही जायचं तर विमान सोडून दोन रस्ते शोधायचे आणि त्या रस्त्यांवरच्या देशात भारतीय पासपोर्टला काय लागतं ते आजच बघून ठेवायचं. ओळखीच्या टॅक्सीवाल्याचे नंबर फोनमध्ये, आणि कागदावरही, कारण नेट सगळ्यात आधी जातं. पाचशे ते हजार डॉलर नोटांमध्ये, नव्या आणि न दुमडलेल्या. फाटकी किंवा जुन्या छापाची नोट तिकडे कुणी हातात धरत नाही. आणि निघायची खूण आधीच ठरवायची. माझी खूण साधी होती: ज्या दिवशी दोन मोठ्या विमान कंपन्या उड्डाणं थांबवतील त्या दिवशी बॅग भरायची, पीआरओ काहीही म्हणो. त्या दिवशी विचार करत बसलेला माणूस मागे राहतो. युक्रेनमध्ये भारतीय वकिलातीनं १५ फेब्रुवारीलाच विद्यार्थ्यांना तात्पुरतं निघण्याचा सल्ला दिला होता. कॉलेजं ऑनलाइन वर्ग द्यायला तयार नव्हती, तिकिटं महागली होती, म्हणून हजारो मुलं थांबली. महाराष्ट्रातलीही होती.

पासपोर्ट कंपनीच्या कपाटात ठेवणं

२०१४ ला नजफमध्ये शेकडो भारतीय कामगार अडकले ते मालक पासपोर्ट देईना म्हणून. इकाम्याच्या शिक्क्यासाठी पासपोर्ट द्यावाच लागतो. द्या, पोच घ्या, आणि काम झालं की मागून घ्या. लाज वाटत असेल तर माझ्यासारखा रोज ऑफिसच्या दारात उभा राहणारा त्रासदायक माणूस व्हा.

दुबईला व्हिजिटवर जायचं आणि तिथून इराकला सटकायचं, हा शॉर्टकट तर बोलूच नका. दहावी पास नसलेल्याच्या ईसीआर (परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी लागणाऱ्या) पासपोर्टला इराकसाठी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून मंजुरी लागते. ती चुकवायला हा मार्ग काढलाय. असा गेलेला माणूस सरकारच्या वहीत दुबईत फिरायला गेलेला पर्यटक असतो. मोसूलला पडला तर शोधायचं कुणाला? त्याच मंजुरीसोबत दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा येतो, दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५. यासाठी आठ-पंधरा दिवस थांबवत नाही लोकांना.

'पगार डॉलरमध्ये' एवढंच वाचून सही करणं

करारात आकडा डॉलरचा, हातात येतात दिनार. कुठल्या दरानं? इथं मेख आहे. इराकचा सरकारी दर फेब्रुवारी २०२३ पासून १,३०० दिनारला एक डॉलर. बाजारातला दर वेगळा. बाजारात १,५०० चालू असताना हजार डॉलर पगाराचे १३ लाख दिनार हातात पडले, तर नोटा बदलून देणाऱ्या सराफाकडे त्याचे डॉलर होतात ८६६. दर महिन्याला १३४ डॉलर हवेत. वर्षाला सोळाशे. दलालानं घेतलेले पैसे त्यातच वसूल झाले असते. करारात 'नगद डॉलर' किंवा 'पगाराच्या दिवशीच्या बाजारभावानं दिनार' असं लिहून घ्या. लिहून देणार नसतील तर ८६६ वरच घरचा हिशोब मांडा आणि मग बघा परवडतं का.

बँकेत डॉलर खातं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. लेबनॉनमध्ये २०१९ पासून लोकांचे डॉलर खात्यात दिसतात, हातात येत नाहीत. २०२१ च्या अखेरीस बँका डॉलरमागे ८,००० लिरा टेकवत होत्या तेव्हा बाजारात वीस हजारांवर दर होता. इराकनंही जानेवारी २०२४ पासून बँकेतून नगद डॉलर काढण्यावर निर्बंध आणले. तिकडे पैसा साठवायचाच नाही. पगार झाला की खर्चापुरतं ठेवून बाकी घरी.

भाडं विचारणं, अँपिअर न विचारणं

कंपनी घर देत नसेल तर हे वाचा. सरकारी वीज जाते आणि गल्लीतल्या खासगी जनरेटरवर घर चालतं. त्याचं बिल युनिटवर नसून अँपिअरवर असतं: महिन्याला अमुक अँपिअर, अँपिअरला अमुक दिनार. दारात छोटा ब्रेकर बसवलेला असतो. तुम्ही चार अँपिअर घेतले आणि दीड टनाचा साधा एसी लावला, तर तो एकटाच सात-आठ ओढतो. खटकन ब्रेकर पडतो. बसऱ्यात पारा ४८ वर असताना हा आवाज ऐकणं काय असतं ते तिथं राहिलेल्यालाच विचारा. एर्बिलमध्ये २०२४ च्या अखेरीपासून 'रूनाकी' योजनेत बऱ्याच वस्त्यांना चोवीस तास वीज मिळू लागली, तेव्हा घर बघताना वस्ती त्यात आहे का ते आधी विचारा.

बसऱ्याचं नळाचं पाणी पिऊ नका. २०१८ च्या उन्हाळ्यात त्या पाण्यानं लाखावर माणसं दवाखान्यात गेली.

बाकीच्या, थोडक्यात

विमा पॉलिसीत 'युद्ध' हा शब्द शोधा. तो बहुतेक वेळा वगळलेल्या गोष्टींच्या यादीत सापडतो.

वकिलातीकडे नाव नोंदवा. बगदादला वकिलात आहे, एर्बिलला वाणिज्य दूतावास. दोन्हींचे नंबर घरच्यांकडेही द्या.

सोनं गहाण ठेवून जाऊ नका. कर्ज डोक्यावर असलेला माणूस निघायची वेळ झाली तरी निघत नाही, हे मी फार वेळा पाहिलंय.

पहिल्या वर्षी बायको-मुलांना नेऊ नका. "शाळा चांगली आहे तिथं" हे कारण मला सांगू नका.

शुक्रवारी पिकनिकला पेंजविन, हलब्जाकडे जाल तर मळलेली वाट सोडू नका. इराण-इराक युद्धातले सुरुंग अजून त्या डोंगरात आहेत. लाल त्रिकोणी पाटी दिसली की आलात त्याच पावलांवरून मागे फिरा, लघवीलाही बाजूला जायचं नाही.

आणि चेकपोस्टवर मोबाइल खिशात. सेल्फीपायी असायिशच्या (कुर्दिस्तानच्या सुरक्षा दलाच्या) ऑफिसात संध्याकाळपर्यंत बसलेल्यांना सोडवून आणायला मीच जायचो.