शिह त्झू, पॉम, पग घ्यायचा विचार आहे? ब्रीडरकडे जाण्याआधी हे वाचा

गेल्या महिन्यात दोघा ओळखीच्यांनी विचारलं की छोट्या ब्रीडचं पिल्लू घ्यायचंय, ब्रीडरकडे गेल्यावर काय बघायचं. तेव्हा फोनवर घाईत सांगितलं, आता नीट लिहिते. आमचं पहिलं पिल्लू घरी आणल्यापासून पाचव्या दिवशी पार्वोने गेलं, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या उलट्या-जुलाबाच्या जीवघेण्या विषाणूच्या रोगाने. त्याचं नावसुद्धा ठरलं नव्हतं अजून, लेकीने वहीत तीन नावं लिहून ठेवली होती. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी साधा नाही.

पहिली चूक म्हणजे आम्ही पिल्लू रस्त्यावर घेतलं. ब्रीडर म्हणाला तुम्ही कुठे एवढ्या लांब येताय, मीच हायवेवर पेट्रोल पंपापाशी घेऊन येतो. आम्हाला वाटलं किती चांगला माणूस. खोक्यात टॉवेलवर ते कापसासारखं पिल्लू, त्याने लेकीचं बोट चाटलं आणि आमचं सगळं डोकं तिथेच बंद पडलं, पैसे दिले, निघालो. आई बघितली नाही, जागा बघितली नाही, बाकीची भावंडं बघितली नाहीत. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की पिल्लू जिथे जन्मलंय तिथे जाऊन बघायचं, आणि पिल्लाच्या आधी त्याची आई बघायची. जो ब्रीडर "आई गावाला आहे", "पार्टनरकडे आहे", "अनोळखी माणूस आला की चिडते" असं काहीतरी सांगत राहतो त्याच्याकडून घेऊ नका, पिल्लू कितीही गोड असू दे.

आई समोर आली की तिचं पोट बघा. पाजणाऱ्या कुत्रीची आचळं लोंबलेली, भरलेली दिसतात, सहा-सात आठवड्यांनी दूध आटत आलं तरी ती ओढलेली असतात. कोणतीतरी छान ग्रूम केलेली मादी आणून "ही आई" म्हणतात आणि तिचं पोट एकदम सपाट, म्हणजे ती आई नाही. आई माणसांजवळ येते का, शेपटी हलवते का की कोपऱ्यात दबून बसते तेही बघा, पिल्लाचा स्वभाव बराचसा तिथेच दिसतो. आणि वास घ्या हो, खरंच. थोडा कुत्र्यांचा वास येणारच पण डोळ्यांना झोंबणारा लघवीचा वास येत असेल, पिंजऱ्यावर पिंजरे रचलेले असतील, तर तिथे रोग फिरतच असतात.

आता वय. आपल्याकडे ३५-४० दिवसांचं पिल्लू सर्रास विकतात, कारण तेव्हा ते सगळ्यात गोंडस दिसतं आणि ब्रीडरचा खाण्याचा, लसीचा खर्च वाचतो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या डॉग ब्रीडिंगच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे, आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असायला लागते. नोंदणीचं सर्टिफिकेट दाखवा म्हणायला लाजू नका. वय ओळखायचं तर तोंड उघडून बघा. दुधाचे दात एकूण २८ असतात, आठ आठवड्यांपर्यंत ते बहुतेक सगळे आलेले असतात. छोट्या ब्रीडमध्ये थोडं मागेपुढे होतं, पण पुढचे दोन-चारच दात आणि मागे नुसत्या गुलाबी हिरड्या असतील तर "दोन महिन्यांचं आहे" हे खोटं आहे. शेवटचे ते दोन-तीन आठवडे भावंडांबरोबर खेळतानाच पिल्लू शिकतं की किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो. लवकर तोडलेलं पिल्लू पुढे हात-पाय फोडून काढतं आणि मग लोक म्हणतात कुत्रं वाईट निघालं.

लसीचं कार्ड हातात घेऊन वाचा. प्रत्येक लसीपुढे बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं हवं, त्यावर बॅच नंबर आणि एक्सपायरी, शेजारी डॉक्टरची सही, शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर. आमच्या कार्डावर नुसती पेनाने तारीख होती आणि एक गिरगटलेली सही. साधारण सहा आठवड्यांना पपी डीपी (पार्वो आणि डिस्टेंपर नावाच्या दुसऱ्या जीवघेण्या रोगावरची पहिली लस), मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सेव्हन इन वन किंवा नाईन इन वनचे (अनेक रोगांवरच्या एकत्र लसीचे) डोस पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत, आणि तीन महिन्यांच्या सुमारास रेबीज, असं ढोबळ वेळापत्रक असतं, बाकी तुमचा व्हेट ठरवेल. "सगळी लस झालीये" असं दीड महिन्याच्या पिल्लाबद्दल कोणी सांगत असेल तर ते शक्यच नाही. पार्वोची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी जास्तही. म्हणजे आमचं पिल्लू तिसऱ्या दिवशी उलट्या करायला लागलं तेव्हा ते रोग घेऊनच आलं होतं हे डॉक्टरांनी सांगितलं. ब्रीडरने फोन उचलणं बंद केलं. म्हणून पहिल्या ४८ तासांत व्हेटकडे तपासणी, आणि आठ-दहा दिवसांत पार्वो किंवा डिस्टेंपर निघालं तर काय, हे पैसे देण्याआधी कागदावर लिहून घ्या. विकणाऱ्याचं "आधी ॲडव्हान्स पाठवा, मग कुरियरचे पैसे, मग इन्शुरन्सचे" असं सुरू झालं की तिथेच थांबा, ती सरळ फसवणूक असते.

केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे पेपर असले की किंमत बरीच वाढते. त्यावर आई-वडिलांची नावं आणि कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा नंबर असतो, तो नंबर स्कॅनरने पिल्लावर जुळवून घ्या आणि मालकी तुमच्या नावावर ट्रान्सफर करून घ्या. पण हे पेपर म्हणजे वंशावळ, तब्येतीची हमी त्यात नसते. दुसरं, टीकप नावाची कोणतीच ब्रीड नाही. टीकप म्हणून विकतात ती बहुतेकदा वेतातली सगळ्यात अशक्त नाहीतर कमी वयाची पिल्लं असतात. आणि पॉमेरेनियन म्हणून आपल्याकडे वर्षानुवर्षं इंडियन स्पिट्झ विकलाय. स्पिट्झ फार गुणी कुत्रा आहे, माझ्या माहेरी होता, पण तो पॉमपेक्षा मोठा होतो. खरा पॉम मोठेपणी जेमतेम दोन-तीन किलोचा, त्यामुळे पॉमची किंमत देऊन स्पिट्झ घेऊ नका.

पिल्लू हातात घेतल्यावर पोट गच्च फुगलेलं असेल तर "छान जेवलाय" म्हणतील, ते बऱ्याचदा जंत असतात, डीवर्मिंगच्या तारखा विचारा. पग आणि शिह त्झूच्या नाकपुड्या उघड्या हव्यात, चिरेसारख्या मिटलेल्या असतील तर पुढे श्वासाचा त्रास आणि आपल्या मे महिन्यात जिवावर बेततं. विदर्भ-मराठवाड्यात राहणाऱ्यांनी पग घेण्याआधी घरात एसी चालवणार का याचा खरंच विचार करा. पॉम, चिवावाच्या गुडघ्याची वाटी सरकते, डॅशहंडला पाठीच्या मणक्याचा त्रास होतो, जिने आणि सोफ्यावरून उड्या नकोत, आई-वडिलांना असं काही आहे का ते विचाराच.

घरी आणल्यावर पहिले आठ-दहा दिवस ब्रीडर जे देत होता तेच खाणं द्या, गाईचं दूध पाजू नका, जुलाब लागतात. अगदी छोट्या पिल्लांना दिवसातून चार वेळा थोडं थोडं लागतं, उपाशी राहिलं की साखर उतरते, पिल्लू झोकांड्या खातं, गार पडतं. अशा वेळी हिरड्यांना मध किंवा ग्लुकोज चोळायचं आणि तडक डॉक्टर.

पार्वोचा विषाणू फिनाईलने जात नाही, आम्ही फरशी ब्लीचने पुसली, गाद्या-खेळणी टाकून दिली आणि वर्षभर थांबलो. मग चिकू आला, शिह त्झू, नऊ आठवड्यांचा. या वेळी ब्रीडर बाईंच्या घरी तीनदा गेलो होतो, त्यांनीच आम्हाला उलट प्रश्न विचारले, दिवसभर घरी कोण असतं, सोसायटीत काही कटकट आहे का. चिकूला आणायच्या आठवडाभर आधी एक जुना सुती टॉवेल त्यांच्याकडे देऊन ठेवला होता, तो त्यांनी आईच्या अंथरुणात टाकला. पहिल्या रात्री चिकू दहा मिनिटं रडला, मग त्या टॉवेलात नाक खुपसून माझ्या पलंगाशेजारी सकाळपर्यंत झोपला.