न्यूट्रॉनचं सिम्युलेशन: आधी वही, मग पायथन

एमएस्सी करून न्यूट्रॉन ऑप्टिक्सकडे (न्यूट्रॉनच्या झोतांना प्रकाशासारखं वळवायच्या शास्त्राकडे) वळणारी मुलं हमखास विचारतात, "सॉफ्टवेअर कुठलं शिकू?" माझं उत्तर त्यांना रुचत नाही: आधी वही काढा.

माझं काम नॅनोकण मिसळलेल्या पॉलिमरच्या ग्रेटिंगवर, म्हणजे झोत फोडणाऱ्या समांतर रेषांच्या जाळीवर होतं. मोनोमर आणि नॅनोकणांच्या मिश्रणावर दोन लेझर किरणांचे व्यतिकरणाचे पट्टे पाडतात. उजेडात पॉलिमर आळतो, कण अंधाराकडे सरकतात. साधारण अर्ध्या ते एक मायक्रॉन अंतराने कणांच्या रांगा लागतात आणि न्यूट्रॉन त्यांवरून विवर्तित होतात.

असल्या पदार्थात न्यूट्रॉनला दिसतात ती अणुकेंद्रं. म्हणून प्रकाशाचा अपवर्तनांक इथे निरुपयोगी. पाहायची ती स्कॅटरिंग लेंग्थ डेन्सिटी: एका केंद्राचं न्यूट्रॉन विखुरण्याचं बळ म्हणजे स्कॅटरिंग लेंग्थ, आणि एकक घनफळातली त्यांची बेरीज म्हणजे ही डेन्सिटी. 10⁻⁶ प्रति चौरस अँगस्ट्रॉम या एककात सिलिकाची साधारण 3.5, हिऱ्याची 11.7. हायड्रोजनची स्कॅटरिंग लेंग्थ चक्क ऋण, −3.74 फेम्टोमीटर, त्यामुळे साध्या अ‍ॅक्रिलेटची डेन्सिटी जेमतेम 1 भरते. कण आणि पॉलिमर यांच्या डेन्सिटीत फरक जितका मोठा, तितकं विवर्तन जोरदार. सिलिका सोडून लोक नॅनोडायमंडच्या मागे का लागले, ते या तीन डेन्सिटींत आलं.

वहीतली पुढची ओळ: न्यूट्रॉनसाठीचा अपवर्तनांक 1 पासून किती ढळतो? तरंगलांबीचा वर्ग गुणिले डेन्सिटी, भागिले 2π. हिऱ्यासाठी 1.8 अँगस्ट्रॉमला उत्तर येतं दहा लाखांत 6, आणि 40 अँगस्ट्रॉमला हजारात 3. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या आयएलएल संशोधन अणुभट्टीतल्या अतिशीत (म्हणजे अतिशय संथ, लांब तरंगलांबीच्या) न्यूट्रॉनसाठी लोक रांगा लावतात ते याचसाठी.

आता कोड. जाड ग्रेटिंगला दोन लहरींचं (सरळ गेलेली आणि विवर्तित) मॉडेल बहुधा पुरतं: ब्रॅग कोनाला, म्हणजे विवर्तन सर्वांत जोरात होतं त्या कोनाला, कार्यक्षमता (विवर्तित न्यूट्रॉनचा वाटा) sin²(λ·Δρ·d/2), इथे λ म्हणजे तरंगलांबी, Δρ म्हणजे डेन्सिटीच्या चढउताराचा आयाम आणि d म्हणजे जाडी. पायथनमध्ये दहा-बारा ओळी. नमुना ग्रेटिंगच्या रेषांना लंब असलेल्या अक्षाभोवती 60 अंश कलवला की न्यूट्रॉनला जाडी दुप्पट भासते. मॉडेलमध्ये हे आधी करून बघा, नवा नमुना बनवायचे कष्ट वाचतात.

खरी मेहनत त्यानंतरची. अतिशीत न्यूट्रॉनच्या झोतात तरंगलांबी एकच नसते, कोनही थोडे फाकलेले असतात. या दोन्हींवर सरासरी घेतली की रॉकिंग कर्व्हच्या (नमुन्याचा कोन बदलत मोजलेल्या तीव्रतेच्या आलेखाच्या) खोल दऱ्या भरून येतात. सरासरी न घेता फिट केलं तर Δρ चुकीचा निघतो आणि आलेख मात्र देखणा दिसतो. झोताचा हा भाग मॅकस्टास या न्यूट्रॉन उपकरणांच्या सिम्युलेशन सॉफ्टवेअरकडे सोपवा. हायड्रोजनच्या 80 बार्न (केंद्राच्या आघातक्षेत्राचं एकक) इनकोहेरंट, म्हणजे सगळीकडे विस्कळीत पसरणाऱ्या स्कॅटरिंगमुळे होणारी घट वेगळी धरा. अनेक लहरी एकत्र सोडवणारी रिगरस कपल्ड-वेव्ह पद्धत पातळ ग्रेटिंगसाठी राखून ठेवा; पहिल्याच महिन्यात तिच्यात शिरलेली मुलं बाहेर येत नाहीत.

ज्यांना परदेशी बीमटाइम (झोतावर प्रयोगाची वेळ) लांब वाटतो त्यांनी मुंबईत तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) ध्रुव अणुभट्टीकडे बघावं. विद्यापीठातल्यांना यूजीसी-डीएई (विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या) संशोधन केंद्रामार्फत तिथे अर्ज करता येतो. अतिशीत न्यूट्रॉनचं काम तिथे होणार नाही, पण लहान-कोन स्कॅटरिंगने पॉलिमरमध्ये कणांचे पुंजके झालेत का, ते तपासता येतं. पुंजके असतील तर मॉडेलमधला गुळगुळीत Δρ गृहीत धरूच नका.