पोराला मोटारसायकल शिकवताय? आधी थांबायला शिकवा

आपल्याकडं साताऱ्यात गाडी शिकवायची पद्धत ठरलेलीय, काका नाहीतर मोठा भाऊ मागं बसतो, क्लच हळू सोड म्हणतो, गाडी चार झटके खाऊन पळाली की झालं शिकून, मग आठ काढून दाखवायचा आणि लायसन हातात. पण आठ काढताना जोरात ब्रेक मारायची वेळच येत नाही, आणि रस्त्यावर जीव वाचतो तो ब्रेकवर.

लर्निंग मिळाल्यावर पक्क्यासाठी ३० दिवस थांबावंच लागतं, ते दिवस वाया घालवू नका. सकाळी लवकर मोकळं, कोरडं, डांबरी मैदान बघा. हेल्मेट आयएसआयचं, पट्टा लावलेला. आधी नुसता हाफ क्लच, माणूस चालतो तेवढ्या वेगात गाडी न्यायची, पाय न घासता.

ते जमलं की खडूनं रेघ मारा, २० च्या स्पीडनं येऊन रेघेवर थांबायला लावा. बहुतेक पोरं फक्त मागचा दाबतात, कारण पुढचा मारला की पडतोस हे घरच्यांनीच डोक्यात भरवलेलं असतं. हे साफ चूक आहे. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं हलकं होऊन घसरतं, म्हणून गाडी खरी थांबवतो तो पुढचाच ब्रेक. फक्त तो एकदम आवळायचा नाही, लिंबू पिळल्यासारखा वाढवत न्यायचा, हँडल सरळ ठेवून, सोबत मागचा. खडीवर आणि वळणात जोरात नाहीच. २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस येतो, मागचा दाबला की पुढचाही थोडा लागतो, तरी पुढच्याची सवय पाहिजेच. हळूहळू ३०, मग ४०.

मग यवतेश्वरचा घाट. उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे लय आहेत, तसं अजिबात करू देऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात इंजिनच गाडी धरून ठेवतं, नाहीतर सारखा दाबून ब्रेक तापतो आणि ऐनवेळी धरत नाही. वेग वळणाच्या आधी कमी करायचा आणि नजर वळण जिथं संपतं तिथं, दरीकडं बघितलं की गाडी तिकडंच ओढते.

रात्रीचं शेवटी शिकवा, आणि कारखाने चालू असतील तर तुम्ही सोबत जाच. दोन-दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, त्यात समोरच्याचा अप्पर डोळ्यात. आपला उजेड जेवढा पडतो तेवढ्यात थांबता येईल एवढाच स्पीड ठेवायला लावा, डोळे दिपले तर डाव्या कडेची पांढरी पट्टी बघत गाडी हळू करायची, आणि ट्रॉलीला चिकटून नाही चालवायचं, ऊस खाली पडतो.