मॉडेलच्या सांध्यात काय भरायचं? आधी फट बघा

1/72 मापाच्या, म्हणजे खऱ्यापेक्षा बहात्तर पट लहान अशा मिग-21 लढाऊ विमानाच्या प्लास्टिक मॉडेलच्या धडाचे दोन अर्धे चिकटवले की पाठीवरून आणि पोटाखालून एक रेघ उरते. खऱ्या विमानाला ती नसते. फट साध्या कागदाच्या जाडीची, म्हणजे 0.1 मिलिमीटरची असली तरी खऱ्या विमानावर ती सात मिलिमीटरची चीर झाली. व्हिजिटिंग कार्ड आत शिरत असेल तर सरळ दोन सेंटिमीटरची. मग रंग कितीही जीव ओतून दिलेला असो, बघणाऱ्याची नजर आधी त्या रेघेवर जाते.

26 सप्टेंबर 2025 ला हवाई दलानं चंदीगडला मिग-21 ला निरोप दिला. त्यानंतर कोल्हापुरातल्या माझ्या ओळखीच्या काही पोरांनी हे किट आवडीनं करायला घेतलं. सांध्यापर्यंत पोचला की प्रत्येक जण विचारतो, "दादा, पुट्टी कुठली चांगली?" माझं उत्तर ठरलेलं आहे : फट दाखव, मग सांगतो. एकच पुट्टी सगळीकडं चालत नाही. फट किती रुंद आहे, ती कुठं आहे आणि भरल्यावर तिथं घासता येणार आहे का, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं.

भरण्याआधी

गोंद लावण्यापूर्वी भाग कोरडेच जुळवून, टेपनं बांधून उजेडासमोर धरा. पुष्कळदा फट पडण्याचं कारण आतच सापडतं. खुंटी भोकात नीट बसत नसते, नाहीतर कडेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा राहिलेला असतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतीव काम बघितलेल्यांना हे सांगायला नको. साच्याच्या दोन भागांमधून निघालेल्या कुठल्याही वस्तूला ती रेघ आणि तो पापुद्रा असतोच. ब्लेडच्या पाठीनं खरवडा, अडणारी खुंटी कापून टाका, पुन्हा जुळवा. अर्धी फट इथंच संपते, आणि जी फट पडलीच नाही ती भरावीही लागत नाही.

दुसरं, फट खरी आहे का ते बघा. पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप, एलेरॉन आणि शेपटीचा रडर हे हलणारे भाग. त्यांच्याभोवतीची फट खऱ्या विमानालाही असते, ती बुजवू नका. इंटरनेटवर खऱ्या विमानाचा जवळून काढलेला एखादा फोटो मिळाला तर तो समोर ठेवूनच काम करा.

केसाएवढी रेघ

कागदही शिरत नसेल तर पुट्टीची गरजच नाही. तामियाच्या एक्स्ट्रा थिनसारखा पातळ गोंद प्लास्टिक विरघळवून जोडतो. दोन्ही कडांना तो सढळ हातानं लावा, काही सेकंद थांबा, पुन्हा लावा आणि मग भाग एकमेकांवर दाबा. वितळलेल्या प्लास्टिकची बारीक वळी सांध्यातून वर येते. तिला हात लावू नका. एक पूर्ण दिवस, जमलं तर दोन दिवस तसंच ठेवून मग खरवडून घासा. सांधा आणि अंग एकाच प्लास्टिकचं होतं. माझ्या मते यापेक्षा चांगलं भरण बाजारात विकत मिळत नाही, आणि नवशिक्यानं पहिल्यांदा हेच हाताला बसवावं.

तरीही रेघ दिसलीच तर मिस्टर सरफेसर 500. हा दाट प्रायमर ब्रशनं सांध्यावर ओढायचा आणि वाळल्यावर घासायचा. घासण्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या इअरबडनं जादाचा थर पुसूनही काढता येतो.

कागद ते कार्ड

इथं ट्यूबमधली करडी पुट्टी कामाला येते. तामियाची बेसिक पुट्टी या जातीची. गॅरेजमध्ये गाडीच्या पत्र्यावर मारतात ती एनसी पुट्टी, आपले रंगारी जिला लांबी म्हणतात, तिचीच ही नातेवाईक. लक्ष्मीपुरीत रंगाच्या दुकानात एनसी पुट्टी सहज मिळते आणि ती चालतेही. मात्र तिच्यातल्या सॉल्व्हंटमुळं, म्हणजे उडून जाणाऱ्या द्रावकामुळं, पातळ प्लास्टिक मऊ पडू शकतं. म्हणून आधी स्प्रूवर, म्हणजे सुटे भाग ज्या काड्यांच्या चौकटीला लागून येतात तिच्यावर, लावून बघा. भिंतीची पांढऱ्या सिमेंटची पुट्टी मात्र नको, ती प्लास्टिकला धरत नाही.

या पुट्टीचं एक वागणं मी फार उशिरा शिकलो. एका विमानाच्या पंखाच्या बुंध्याची फट मी एका झटक्यात काठोकाठ भरली, त्याच रात्री घासली, दुसऱ्या दिवशी रंग दिला. आठवड्याभरात रंगाखाली बारीक खळगा उमटला. उद्यमनगरात ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे नमुने, बनवणाऱ्या एका मिस्त्री मामांना ते दाखवलं. ते म्हणाले, "लांबी बसते रे बाळा. आम्ही पॅटर्न करताना बीड आकसणार म्हणून मीटरला दहा मिलिमीटर आधीच वाढवून धरतो. तू काय धरलंस?" त्यांचं बरोबर होतं. सॉल्व्हंट उडून गेलं की पुट्टीचं आकारमान घटतं, आणि थर जाड असेल तर आतलं सॉल्व्हंट उडायला कित्येक दिवस लागतात. तेव्हापासून मी दोन-तीन हातांत भरतो. पहिला हात पातळ, रात्रभर थांबायचं, मग दुसरा, तोही कडेच्या किंचित वर राहील असा. घासायचं ते शेवटी.

लावण्याआधी फटीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप चिकटवा, म्हणजे आजूबाजूच्या पॅनलच्या रेषा (विमानाच्या पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या कोरीव रेघा) आणि रिव्हेट बुजत नाहीत. पुट्टी ओली असतानाच टेप काढा.

जिथं पुन्हा रेषा कोरायची आहे

सांधा पॅनलच्या रेषेला आडवा छेदत असेल तर भरून घासल्यावर ती रेषा पुन्हा कोरावी लागते. ट्यूबची पुट्टी सुईखाली भुगा होऊन तुटते. तिथं फेविक्विकसारखा सुपरग्लू भरा. तो आकसत नाही आणि कोरलेली कड स्वच्छ राहते. थोडी टाल्कम पावडर मिसळली तर घासायला सोपा जातो. घासायला मात्र उशीर करू नका, तासाभरात उरका. रात्रभर राहिला तर तो प्लास्टिकपेक्षा कडक होतो. मग पॉलिश पेपर मारला की शेजारचं प्लास्टिक झिजतं आणि ग्लू उंचवटा होऊन तसाच राहतो.

काचेजवळ, म्हणजे कॉकपिटच्या झाकणापाशी सुपरग्लू कधीच नको. त्याच्या वाफेनं पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी पुटं चढतात. तिथं साधा फेव्हिकॉल टूथपिकनं भरा आणि ओल्या कापसानं पुसा. पाणी उडालं की तोही थोडा खाली बसतो, तेव्हा दुसऱ्यांदा भरावा लागतो.

जिथं घासताच येत नाही

पंख धडाला जिथं मिळतो तो कोपरा, किंवा रणगाड्याच्या अंगावरचे बोल्ट. इथं पेपर चालवला की सगळं बारीक काम सपाट होतं. अशा जागी पाण्यावर चालणारी ॲक्रिलिक पुट्टी घ्या. वायेहोची प्लास्टिक पुट्टी बारीक तोंडाच्या बाटलीत येते. फटीत एक धार सोडा आणि लगेच ओल्या इअरबडनं एकाच दिशेनं पुसत जा. फटीत तेवढी राहते, बाकीची निघून जाते. गणपतीच्या आधी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत शाडूच्या मूर्तीचा सांधा ओल्या बोटानं मिटवतात, हात तसाच चालला पाहिजे. ही पुट्टी वाळल्यावर जोरानं घासली तर कडेनं सुटते, म्हणून पुसूनच काम संपवायचं.

कार्डपेक्षा मोठी फट

आधी पुट्टी नको, आधी प्लास्टिक. फटीच्या मापाची प्लास्टिक शीटची पट्टी कापा. ती नसेल तर स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीला न लावता फिरवत धरा. मऊ झाला की बाजूला घेऊन दोन्ही हातांनी हळू ओढा. हव्या त्या जाडीची तार मिळते. ती फटीत बसवून पातळ गोंद सोडा, वाळल्यावर वरचा भाग कापून घासा. उरली तर बारीक फट उरते, आणि तिचा उपाय वर आलाच आहे.

मोठा खड्डा भरायचा असेल किंवा एखादा आकारच घडवायचा असेल तर दोन भाग मळून वापरायची इपॉक्सी पुट्टी. मिलिपुटची पांढरी सुपरफाइन जात अतिशय तलम असते. आपल्याकडं कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं एम-सील त्याच कुळातलं आहे, जरा भरड, पण आकसत नाही. इपॉक्सी प्लास्टिकला विरघळवत नाही, फक्त पकडून राहते, म्हणून आतली बाजू 320 च्या पेपरनं आधी खरखरीत करा. दोन्ही भाग सारखे घेऊन एकच रंग येईपर्यंत मळा, भरा आणि मऊ असतानाच ओल्या बोटानं सपाट करा. इथं घेतलेली पाच मिनिटं पुढची तासाभराची घासघास वाचवतात, कारण वाळलेलं इपॉक्सी प्लास्टिकपेक्षा कितीतरी कडक असतं. मळताना हातमोजे घाला.

पावसाळ्यात

पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशारा पातळीकडं सरकते त्या दिवसांत ॲक्रिलिक पुट्टी आणि फेव्हिकॉल दुप्पट वेळ घेतात. वरून कोरडे, आत ओले. सुपरग्लूचं उलटं आहे. हवेतल्या ओलाव्यानंच तो घट्ट होतो, तेव्हा तो नेहमीपेक्षा लवकर धरेल हे लक्षात ठेवून थोडा थोडा काढा. पाऊस आहे म्हणून खिडकी बंद करून काम करू नका. सॉल्व्हंटचा वास डोक्यात जातो.

घासणं आणि तपासणी

वॉटर पेपर पाण्यात भिजवून वापरा, म्हणजे धूळ नाकात जात नाही. सपाट जागेसाठी पेपर आइस्क्रीमच्या काडीला चिकटवा, गोल धडासाठी त्याची पट्टी करून बूट पुसतात तशी ओढा. 400 नंबरच्या भरड पेपरनं सुरुवात, मग 600, शेवटी बारीक 1000.

आता डोळे मिटून नखाचं टोक सांध्यावरून आडवं फिरवा. नख अडलं तर भरणं राहिलंय. मग करड्या प्रायमरचा पातळ हात द्या. सांध्याचा करडा, हिरवा, पांढरा असा ठिगळांचा रंग एक झाला की लपलेले खळगे उघडे पडतात. टॉर्च बाजूनं आडवी धरून बघा, सावली लगेच दिसते. विमान चंदेरी करायचं असेल तर हे दोनदा करा. चंदेरी रंग काहीही झाकत नाही, उलट दाखवतो. खळगा दिसला तर तिथं सरफेसरचा एक थेंब, एक रात्र, आणि पुन्हा 1000 चा पेपर.