मशीन बेडसाठी ग्रॅनाइट खडी: इपॉक्सी ओतण्याआधीचं खरं काम

मशीनचा बेड, म्हणजे बाकीचे भाग ज्यावर बसतात तो पाया, दगडाच्या खडीत इपॉक्सी हे पातळ ओतून घट्ट होणारं रेझिन मिसळून साच्यात ओतता येतो. अशा इपॉक्सी-ग्रॅनाइटच्या बेडमध्ये वजनाने जवळपास ९० टक्के दगडच असतो, तरी सगळी चर्चा रेझिन कोणतं घ्यायचं यावरच होते. बेडला ताठपणा देते ती खडी. रेझिनने फक्त खड्यांमधल्या फटी भरायच्या आणि खडे एकमेकांना धरून ठेवायचे. घट्ट झालेल्या इपॉक्सीचा ताठपणा सुमारे ३ गिगापास्कल असतो, चांगल्या ग्रॅनाइटचा ४० ते ७०. तापमान एका अंशाने वाढलं की मीटरभर ग्रॅनाइट ७-८ मायक्रॉन लांबतो, मीटरभर इपॉक्सी मात्र ५० ते ६० मायक्रॉन. त्यामुळे गरजेपेक्षा जास्त ओतलेला प्रत्येक ग्रॅम रेझिन बेडला मऊ करतो आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात त्याचं माप बदलवतो. खडी तयार करायची ती एकाच उद्देशाने: पोकळी कमीत कमी राहावी आणि प्रत्येक खड्याला रेझिन नीट चिकटावं.

दगड कसा पाहायचा

ग्रॅनाइटच हवा असा हट्ट धरू नका. बाजारात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून मिळणारा दगड बहुधा गॅब्रो किंवा डोलेराइट असतो आणि तोही उत्तम चालतो. ताजा बेसॉल्टही चालतो. चालत नाही तो कुजका दगड: पिवळसर, बोटांत चोळला की कडा झडणारा, हातोडीच्या हलक्या ठोक्याला भुगा होणारा. अभ्रकाच्या चमचमत्या पापुद्र्यांचा मालही टाळा. रेझिन पापुद्र्याला घट्ट धरतं, पण पापुद्राच थरांमधून सुटतो.

खड्याचा आकार चौकोनी, ठोकळ्यासारखा हवा. ज्याची जाडी त्याच्या सरासरी मापाच्या ०.६ पटीपेक्षा कमी तो चपटा. असे खडे आडवे पडून खाली हवा अडकवतात. मोठे खडे हातानेच वेचून काढता येतात. कंटाळवाणं काम आहे, पण ५० किलोच्या बेडसाठी ते करायलाच हवं.

सगळ्यात मोठा खडा बेडच्या सगळ्यात पातळ भिंतीच्या एक पंचमांशापेक्षा मोठा नको. भिंत ५० मिमी असेल तर कमाल माप १० मिमी. इथे एक चूक हमखास होते. भिंत मोजली जाते, पण आत ठेवलेले बोल्टचे इन्सर्ट (बोल्ट आवळायला बेडमध्ये बसवलेले धातूचे तुकडे) किंवा सळ्या आणि साच्याची बाजू यांच्यातली फट मोजायची राहते. ती फट ३० मिमी असेल तर ६ मिमीच्या वर जाऊ नका. नाहीतर मशीनचा सरकता भाग ज्यावर धावतो ती रेल नेमकी जिथे आवळायची, तिथेच खडे अडकून पोकळी राहील.

मापांचं गणित

एकाच मापाची खडी कितीही हलवली तरी जवळपास ४० टक्के जागा रिकामी राहते. ती जागा लहान खड्यांनी भरायची, त्यांच्यातली त्याहून लहानांनी. सुरुवातीला फुलरचं सूत्र पुरेसं आहे: एखाद्या चाळणीतून पडणाऱ्या मालाचा एकूण मालातला हिस्सा म्हणजे चाळणीचं माप भागिले कमाल माप, त्याचं वर्गमूळ. कमाल माप १० मिमी धरलं तर वाटणी अशी येते:

१० ते ४.७५ मिमी: ३१ टक्के
४.७५ ते १.१८ मिमी: ३५ टक्के
१.१८ ते ०.३ मिमी: १७ टक्के
०.३ मिमीखालचा बारीक माल आणि भुकटी: १७ टक्के

हे सुरुवातीचे आकडे आहेत. खड्याच्या आकारानुसार ते पुढे-मागे सरकतात. बहुतेक वेळा बदल लागतो तो शेवटच्या ओळीत, कारण बारीक मालाचा पृष्ठभाग प्रचंड असतो. ५ मिमीचे गोल दाणे किलोभर घेतले तर त्यांचा पृष्ठभाग अर्ध्या चौरस मीटरहूनही कमी भरतो. ०.१ मिमीचे दाणे घेतले तर तोच २२ चौरस मीटरच्या वर जातो. तेवढा सगळा भाग रेझिनने भिजवायचा असतो. भुकटी कमी पडली की पोकळी वाढते. जास्त झाली की मिश्रण कोरडं, चुरमुरीत होतं, कंपनाने बसत नाही, आणि मग माणूस नाइलाजाने रेझिन वाढवतो.

धूळ नको, भुकटी हवी

हे दोन्ही ऐकायला सारखंच वाटतं. क्रशरच्या खडीला चिकटून येते ती धूळ. ती किती आहे हे कळत नाही, तिच्यात माती असते, आणि ती खड्यावर थर धरून बसते. रेझिन धुळीला चिकटतं, धूळ दगडाला चिकटत नाही. म्हणून सगळी खडी चाळणीवरच, पाण्याच्या धारेखाली, हाताने ढवळत, निथळणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत धुवा. मग मूठभर खडी काचेच्या बरणीत पाण्यासकट हलवून ठेवा. पाच मिनिटांनंतरही पाणी दुधाळ असेल तर पुन्हा धुवा. तेलकट वास असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन भरपूर पाण्याने खंगाळा.

लागणारी भुकटी नंतर वेगळी, मोजून घाला: कोरडं क्वार्ट्झ पीठ किंवा चांगली फ्लाय अ‍ॅश (कोळशाच्या वीजकेंद्रातली बारीक राख). फ्लाय अ‍ॅशचे कण गोल असल्याने मिश्रण सहज वाहतं.

कोरडी चाळण किंवा भुकटीची हाताळणी मास्कशिवाय अजिबात करू नका. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. कापडी रुमाल उपयोगाचा नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा, सूक्ष्म कण अडवणारा रेस्पिरेटर हवा. जमिनीवर सांडलेली भुकटी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

वाळवण

उन्हात वाळलेली खडी कोरडी दिसते, पण पुरेशी कोरडी नसते. ४३ किलो खडीत अर्धा टक्का ओल राहिली तर ते २१५ ग्रॅम पाणी झालं. तेवढ्या खडीला रेझिन लागतं सुमारे ४ किलो. म्हणजे रेझिनच्या पाच टक्क्यांहून जास्त पाणी तुम्ही स्वतःच मिसळलं. रेझिन घट्ट करण्यासाठी त्यात मिसळतात त्या अमाइन हार्डनरला ते मुळीच मानवत नाही, आणि दगडाच्या पृष्ठभागावर पाणी असेल तर रेझिन तिथे धरत नाही.

ट्रेमध्ये ३-४ सेंमीचा थर पसरून १०५ ते ११० अंशांवर ठेवा, मधूनमधून ढवळा. दर तासाने वजन करा. लागोपाठच्या दोन वजनांत ०.१ टक्क्यापेक्षा कमी फरक आला की झालं. पडताळायचं असेल तर ओंजळभर गरम खडी काचेच्या बरणीत घालून झाकण लावा. आतून काच धूसर झाली तर ओल बाकी आहे. वेळ वाचवायला बर्नरची ज्योत थेट मारू नका. क्वार्ट्झची रचना ५७३ अंशांना बदलते आणि खडे आतून तडकतात.

वाळलेली खडी झाकणबंद डब्यात खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गरम खडीत रेझिन ओतलं की हाताळायला मिळणारा वेळ झपाट्याने कमी होतो. फार गार खडीत रेझिन दाटसर होतं आणि हवा बाहेर येत नाही.

रेझिन विकत घेण्याआधी पोकळी मोजा

१० लिटरचं भांडं घ्या. ठरलेलं मिश्रण तीन थरांत भरा, प्रत्येक थर वर वजन ठेवून थोडा वेळ कंपनावर बसवा. वजन न ठेवता खूप वेळ हलवलं तर बारीक माल खाली गळतो, मोठे खडे वर येतात आणि मोजमाप फसतं. वरचा भाग काठाशी सपाट करून वजन करा. समजा २१.७ किलो भरलं. लिटरला २.१७ किलो झाले. दगडाची घनता लिटरला २.६५ किलो धरली तर दगडाने ८२ टक्के जागा व्यापली, पोकळी १८ टक्के. लिटरला १.१२ किलो घनतेचं रेझिन धरलं तर लिटरमागे २०० ग्रॅम, म्हणजे एकूण वजनाच्या साडेआठ टक्के. पोकळी २४ टक्के निघाली असती तर हाच आकडा बाराजवळ गेला असता.

मधल्या मापांचं प्रमाण दोन-तीन टक्क्यांनी बदलत चार-पाच वेळा हेच करा आणि सगळ्यात जड भरणारं मिश्रण निवडा. खडी एकूण गरजेपेक्षा १० टक्के जास्त तयार ठेवा, कारण ऐन वेळी धुऊन-वाळवून आणणं शक्य नसतं.

एक ठोकळा तोडून पाहा

बेड ओतण्याआधी किलो-दीड किलोचा नमुना करा. रेझिन आधी मोठ्या खड्यांना लावा, मग मधला माल, भुकटी सगळ्यात शेवटी. भुकटी आधी घातली तर ती रेझिन पिऊन टाकते आणि खडे कोरडे राहतात. पोकळीपेक्षा किंचित जास्त रेझिन घ्या.

पूर्ण घट्ट झाल्यावर ठोकळा हातोडीने फोडा आणि तुटलेली बाजू भिंगातून पाहा. तडा खड्यांच्या आरपार गेला असेल तर खडी बरोबर तयार झाली. खडे अख्खे, स्वच्छ बाहेर आले आणि त्यांच्या जागी गुळगुळीत खळगे उरले, तर धूळ किंवा ओल राहिली आहे. पुन्हा धुवा, वाळवा. तरीही तेच घडलं तर रेझिनच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का इपॉक्सी-सिलेन (दगड आणि रेझिन यांची पकड वाढवणारं रसायन) मिसळून दुसरा नमुना करा. तळाला निव्वळ रेझिनचा पारदर्शक थर दिसला तर रेझिन जास्त आहे किंवा बारीक माल कमी. सगळीकडे टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसली तर भुकटी जास्त किंवा रेझिन कमी. आधी भुकटी दोन टक्क्यांनी घटवून पाहा, रेझिनला हात लावायचा तो त्यानंतर.